‘प्लेज’ : तारण, हमी की अभिवचन?

प्रश्न असा आला आहे : न्यूयॉर्कच्या सार्वजनिक प्राधिकरणांच्या कायद्यांत राज्य रोखेधारकांना, म्हणजे रोखे घेऊन प्राधिकरणाला कर्ज देणाऱ्यांना, ‘प्लेज’ (pledge) करतं असं कलम असतं. त्याचं मराठी ‘राज्य तारण देते’ असं करावं का?

करू नये. तारणाला काहीतरी वस्तू किंवा उत्पन्न लागतं : सोनं, गोदामातला शेतमाल, मुदत ठेवीची पावती. वस्तू कर्जदाराकडेच राहून तिच्यावर बोजा चढला, तर ते नजरगहाण. या कलमात राज्य काहीच ठेवत नाही. रोखे फिटेपर्यंत प्राधिकरणाचे अधिकार रोखेधारकांना बाधेल असे बदलणार नाही, एवढं म्हणून ते स्वतःचे हात बांधून घेतं.

गोंधळ होतो, कारण तारणही तिथेच आसपास असतं. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या पोर्ट ऑथॉरिटीचं उदाहरण घ्या. पूल-बोगद्यांच्या टोलसारखं तिचं उत्पन्न रोख्यांना तारण होतं. 1962 मध्ये ती हडसन नदीखालून जाणारी डबघाईची रेल्वे चालवायला घेणार होती. हे तारण रेल्वेच्या तोट्यात मुरेल अशी गुंतवणूकदारांना धास्ती. म्हणून ठरावीक मर्यादेपलीकडे हा पैसा प्रवासी रेल्वेकडे वळवणार नाही, असं दोन्ही राज्यांनी कायद्यानेच कबूल केलं. 1974 मध्ये, लोकांनी मोटारी सोडून रेल्वेकडे वळावं म्हणून, दोघांनीही ते कलम पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कराराच्या बंधनाला बाधा आणणारा कायदा राज्याने करू नये, या अमेरिकन राज्यघटनेतल्या तरतुदीवर बोट ठेवून न्यायालयाने 1977 मध्ये ते रद्द करणंच 4 विरुद्ध 3 मतांनी रद्द ठरवलं. म्हणजे तारण प्राधिकरणाचं आणि शब्द राज्याचा. दोन्हीकडे ‘तारण’ लिहिलं तर खटला कशावरून झाला हेच वाचकाला कळणार नाही.

‘हमी’ही नको. आपल्याकडे 1996 मध्ये स्थापन झालेल्या कृष्णा खोरे विकास महामंडळाच्या रोख्यांना राज्य शासनाची हमी होती : महामंडळाने पैसे दिले नाहीत तर शासन देईल. न्यूयॉर्कच्या कलमात राज्य पैशाचं काही बोलतच नाही. उलट हे कर्ज राज्याचं नाही, असं बहुधा रोख्यावरच छापलेलं असतं.

मला खरा मोह होतो तो ‘कौल’चा. ओसाड गाव वसवायला, नवी पेठ बसवायला पेशवाईत सरकार कौल द्यायचं : इतकी वर्षं सवलत, मधेच वाढीव सारा नाही. आशय जवळजवळ हाच. पण आज कौल म्हटलं की मतदार, देव नाहीतर छप्परच आठवतं, त्यामुळे कायद्याच्या मजकुरात तो चालणार नाही.

‘वचन’ चालेल, ‘वचनचिठ्ठी’मुळे ते आर्थिक व्यवहारात रुळलेलंही आहे. तरी कायद्याच्या भाषेत मी ‘अभिवचन’ घेईन : ‘रोख्यांची पूर्ण परतफेड होईपर्यंत प्राधिकरणाचे अधिकार रोखेधारकांना बाधक ठरतील अशा रीतीने मर्यादित करणार नाही किंवा बदलणार नाही, असे अभिवचन राज्य रोखेधारकांना देत आहे.’ याच कायद्यात पुढे टोलच्या उत्पन्नाबद्दल ‘प्लेज’ आला, तर तिथे मात्र बिनदिक्कत ‘तारण’ लिहा.