डॅशबोर्ड करणारी एकटीच असशील, तरी ही नोकरी घे

‘माझं फक्त कॉमर्स, शेवटच्या वर्षाला आहे. यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या साठेक माणसांच्या एका कंपनीने एमआयएसचं, म्हणजे मालकांना नियमित आकड्यांचे रिपोर्ट देण्याचं, काम देऊ केलंय. आतापर्यंत सगळं एक्सेलवर चालायचं. आता मालकांना बीआय टूल, म्हणजे डेटावरून तक्ते आणि आलेख करून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणायचंय आणि ते मी बसवावं, असं त्यांचं म्हणणं आहे. मैत्रिणी मोठ्या कंपन्यांच्या मुलाखती देतायत. बाबा म्हणतात, एवढ्याशा कंपनीत डेटा तो किती असणार, त्यापेक्षा सहा महिन्यांचा कोर्स कर. मी काय करू? आणि पॉवर बीआय शिकू की टॅब्लो?’

तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी उरकू. ऑफिस विंडोजवर आणि एक्सेलवर चालत असेल, तर पॉवर बीआय शीक. डेस्कटॉपवरचं फुकट मिळतं आणि त्यातलं पॉवर क्वेरी (डेटा आत आणून साफ करायची सोय) एक्सेलमध्येही आहे, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही. पण टूलला फार चिकटू नकोस. टॅब्लो कंपनी २००३ मध्ये निघाली, २०१९ मध्ये ती सेल्सफोर्सने घेतली. गूगलच्या डेटा स्टुडिओचं २०२२ मध्ये लुकर स्टुडिओ झालं. नावं आणि मालक असे बदलत राहतात. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा मात्र संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने १९७० मध्ये मांडलेल्या कल्पनेवर उभी आहे, आणि यातलं जवळपास प्रत्येक टूल डेटाबेसशी आजही त्याच भाषेत बोलतं. कोर्सचे सहा महिने घालवण्याऐवजी रोज संध्याकाळी तासभर एसक्यूएल कर. पीएल-३०० सारखी पॉवर बीआयची प्रमाणपत्र परीक्षा नंतरही देता येईल.

आता बाबांचा मुद्दा. डेटा थोडा असणार, हे त्यांचं बरोबर आहे. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. अशा कंपनीची वर्षाची सगळी इनव्हॉइसं त्यात आरामात बसतील. पण अडचण डेटा किती आहे याची नसतेच. एक प्रयोग करून बघ. गेल्या महिन्याची विक्री किती झाली, हे मालकांना विचार, मग सेल्सच्या प्रमुखाला, मग अकाउंट्सला. तीन वेगळे आकडे येतील आणि तिघंही खरं बोलत असतील. सेल्सवाला आलेल्या ऑर्डरी मोजतो. अकाउंट्स इनव्हॉइसं मोजतं, तेही कर वगळून आणि परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा वजा करून. मालकांच्या डोक्यात बँकेत किती जमा झाले तो आकडा असतो. यातला कोणता खरा, हे कुठलंच टूल सांगत नाही. तू जो घालशील तो ते रंगीत करून दाखवतं, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘हे चुकीचं दिसतंय.’ त्यानंतर तो डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आणि आलेख एकत्र दाखवणारं ते पान, कुणी उघडत नाही. छोट्या कंपन्यांत बीआय बहुतेक वेळा इथेच मरतं, आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो.

म्हणून टूल उघडण्याआधी एक पान लिहून काढ: विक्री म्हणजे काय धरायचं, तारीख ऑर्डरची घ्यायची की इनव्हॉइसची, परतावा कुठल्या महिन्यात वजा करायचा. तिघांकडून ते मान्य करून घे. हे काम डेटाचा कोर्स केलेल्या मुलांना जड जातं. तुला खातेवही, क्रेडिट नोट, ताळेबंद हे सगळं माहीत आहे. पत्रात तू ‘माझं फक्त कॉमर्स’ असं लिहिलंयस, त्यातला ‘फक्त’ काढून टाक.

दुसरं किचकट काम म्हणजे मास्टर याद्या, म्हणजे ग्राहकांच्या आणि मालाच्या मूळ याद्या. एकाच ग्राहकाची नोंद तीन वेगळ्या स्पेलिंगांनी सापडेल, एकाच सुट्या भागाचे दोन कोड निघतील. पॉवर क्वेरीत ते जोडून टाकायचा मोह होईल. निदान कायमचा उपाय म्हणून तसं करू नकोस, नाहीतर दर महिन्याला नवी चुकीची नावं जोडत बसशील. नोंद जिथे होते त्या सॉफ्टवेअरमध्येच दुरुस्ती करून घे, आणि नव्या ग्राहकाचं खातं कोण उघडणार तेही ठरवून घे.

पहिला रिपोर्ट थकलेल्या येण्यांचा कर. ३० दिवसांपर्यंतची, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यापुढची. त्याने पैसे आत येतात, त्यामुळे मालक तो स्वतःहून मागतात. विकला न गेलेला माल हा दुसरा विषय. सेल्समनची क्रमवारी लावणारा डॅशबोर्ड मात्र सुरुवातीला कुणी मागितला तरी टाळ. आपल्यावर पाळत बसली असं वाटलं की माणसं नोंदीच उशिरा करतात, आणि तुझा डेटा तिथेच बिघडतो.

दोनतीन महिने जुनी एक्सेल आणि नवा रिपोर्ट दोन्ही चालू ठेव, दर महिन्याला बेरीज खातेवहीशी जुळवून बघ. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत १५,८४१ कोविड रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नव्हती, कारण मधल्या एका टप्प्यावर जुन्या एक्सेल फॉरमॅटची ६५,५३६ ओळींची मर्यादा आड आली. तिथे डेटा थोडा नव्हता आणि यंत्रणाही लहान नव्हती. किती ओळी निघाल्या आणि किती पोचल्या, एवढं ताडून बघितलं असतं तर गळती लगेच दिसली असती.

ती जुनी एक्सेल जो कुणी सांभाळतो, त्याच्या शेजारी बसून काम शीक. त्याच्या व्हीलुकअपमध्ये (एका यादीतून दुसरीत माहिती शोधून आणणाऱ्या एक्सेलच्या सूत्रात) कंपनीचे असे नियम दडलेले असतात जे दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसतात. आपली जागा जाणार अशी भीतीही त्याला असेल. पहिला रिपोर्ट दाखवताना त्याचं नाव आधी घे.

एक धोक्याची सूचना. पॉवर बीआयवर रिपोर्ट करणं फुकट असलं, तरी तो ऑफिसात इतरांना रीतसर दाखवायचा तर साधारणपणे माणशी परवाना लागतो. तो खर्च वाचवायला काहीजण ‘पब्लिश टू वेब’चं बटण दाबतात. त्याची लिंक हाती लागली की कुणीही लॉगिनशिवाय कंपनीचे आकडे बघू शकतं. ते बटण विसरून जा. मेटाबेस, सुपरसेट ही ओपन सोर्स, म्हणजे परवान्याशिवाय फुकट वापरता येणारी, टूल्स चांगली आहेत, पण त्यांचा सर्व्हर कुणीतरी सांभाळावा लागतो, आणि तिथे ते ‘कुणीतरी’ तूच असशील.

मैत्रिणींना जे मिळेल ते तुला मिळणार नाही, हेही खरं. तुझी क्वेरी (डेटाबेसला एसक्यूएलमध्ये विचारलेला प्रश्न) वाईट आहे, हे सांगणारा वरिष्ठ तिथे नसेल. ही उणीव मोठी आहे. ती भरून काढायला बाहेरचा एखादा अनुभवी माणूस शोध, जो महिन्यातून एकदा तुझं काम तपासेल. कंपनीचा डेटा बाहेर न्यायचा नाही, रचना तेवढी दाखवायची. प्रत्येक रिपोर्ट कसा तयार होतो ते लिहून ठेव. दोन वर्षांनी पुढची मुलाखत देशील तेव्हा ‘येणी वसुलीचा रिपोर्ट मी शून्यापासून उभा केला आणि तो दर आठवड्याला वापरला जातो’ असं सांगता येणं, हे प्रमाणपत्रापेक्षा जड पडतं.

होकार कळवण्याआधी मालकांना दोन गोष्टी विचार. डेटाबेसचा, निदान फक्त वाचण्यापुरता, प्रवेश मला मिळेल का? आणि पहिला रिपोर्ट कोण बघणार, कधी? ‘मी, दर सोमवारी’ असं उत्तर आलं तर ये म्हणतील त्या तारखेला रुजू हो. ‘सगळे बघतील’ असं आलं, तर पहिल्या तीन महिन्यांत नेमका कुठला निर्णय या आकड्यांवरून घ्यायचाय, ते त्यांच्याकडून लेखी घे. तेही मिळालं नाही, तर मैत्रिणींबरोबर मुलाखती देत राहा.