गॅरेजच्या बाकड्यावरून: बेल्ट बदललाय म्हणता, मग बिल कुठाय?

यावेळी पत्रांमध्ये टायमिंग बेल्टचेच प्रश्न जास्त निघाले. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनचा दातेरी रबरी पट्टा, तो क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) यांना एका तालात फिरवतो. पावसाळ्याआधी लोकांना गाडीची आठवण होते म्हणून असेल, किंवा कुणाच्या तरी मेव्हण्याचा बेल्ट तुटला असेल आणि सगळ्या खानदानाने धसका घेतला असेल. असो, एकेक घेतो.

दादा, गेल्या दिवाळीत मी 2014 ची डस्टर डिझेल सेकंडहँड घेतली. मीटर 92 हजार दाखवतंय. विकणारा म्हणाला बेल्ट बदललाय, पण बिल नाही त्याच्याकडे. आमच्या मिस्त्रीने वरचं कव्हर काढून बघितलं आणि म्हणाला बेल्ट नव्यासारखा आहे, अजून 30 हजार बिनधास्त चालवा. काय करू? – एक वाचक, नाशिक

बदला. खरं तर एवढंच उत्तर पुरे, पण का ते सांगतो, नाहीतर तुम्ही परत त्याच मिस्त्रीकडे जाऊन चहा पिऊन गाडी तशीच घेऊन याल.

मिस्त्रीवर माझा राग नाही, मीही पूर्वी असंच बघून सांगायचो. तेव्हाच्या बेल्टला भेगा पडायच्या, दोरे लोंबायचे, म्हातारा झालेला दिसायचा. आताचं रबर चांगलं असतं, ते शेवटपर्यंत काळं कुळकुळीत दिसतं, थकतात त्या आतल्या फायबर ग्लासच्या दोऱ्या आणि दातांची मुळं, आणि ते वरून दिसत नाही. त्यातून वरचं कव्हर काढल्यावर दिसतो वीतभर बेल्ट आणि त्याचीही पाठच, दात तर आतल्या बाजूला असतात. म्हणजे बघून एवढंच कळतं की बेल्ट खराब आहे, चांगला आहे हे बघून कळत नाही. भेग, तेल किंवा कूलंटचा ओलावा, कडेचे सुटलेले दोरे दिसले तर आजच बदला, पण काहीच दिसलं नाही म्हणून पास झाला असं होत नाही.

मग उरतं काय, तर तारीख आणि किलोमीटर. सर्व्हिस बुकात दोन आकडे असतात, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी येईल ते. हे आकडे प्रत्येक इंजिनचे वेगळे, कुणाचा 60 हजार तर कुणाचा दीड लाख, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. आणि मोजायला सुरुवात कुठून करायची तर शेवटचा बेल्ट बदलला त्या दिवसापासून, तेही पुरावा असेल तर. पुरावा म्हणजे पार्ट नंबर असलेलं बिल, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या रेकॉर्डमधली नोंद (गाडीचा नंबर देऊन विचारा, बरेचदा मिळते), किंवा निदान कव्हरवर चिकटवलेला किमी आणि तारखेचा स्टिकर. यातलं काही नसेल तर बेल्ट कंपनीतूनच आलेला आहे असं धरायचं. सेकंडहँड गाडीचं मीटर म्हणजे लग्न जमवताना सांगितलेलं वय, त्यावरही फार विसंबू नका.

तुमच्या त्या दीड लिटर डिझेल इंजिनात हाच बेल्ट कॅमशाफ्ट, डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप असं तिघांना फिरवतो. म्हणून नुसता बेल्ट टाकू नका, टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) किट घ्या आणि वॉटर पंपही त्यातच उरका. पंप आठ महिन्यांनी गळायला लागला तर तोच सगळा पसारा परत उघडायचा, मजुरी परत तेवढीच, आणि गळणारं कूलंट नव्या बेल्टवर. टेन्शनर म्हणजे शेवटी एक बेअरिंगच, तोही तितकाच फिरलेला असतो, तो जाम झाला तर नवा बेल्टही खाऊन टाकतो.

गॅरेजवाल्याला एकच विचारा, क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना आहेत का. खडूने खुणा करून बेल्ट चढवतो म्हणाला तर नमस्कार करा आणि दुसरीकडे जा. बेल्ट चढवल्यावर सेल्फ मारायच्या आधी पान्याने हाताने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि पिना परत बरोबर बसतात का बघायचं. दोन का, तर क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. कुठे अडल्यासारखं लागलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. आणि हो, एकदा काढलेला बेल्ट परत चढवायचा नाही, कितीही नवा दिसला तरी.

आमच्या बाबांची 2008 ची सँट्रो झिंग आहे, फक्त 31 हजार चाललीय, बाबा मंडईत आणि बँकेत जाण्यापुरतीच काढतात. आता त्यांच्याऐवजी मी वापरणार आहे. एवढ्या कमी रनिंगला बेल्टचा खर्च करायची गरज आहे का? – एक वाचक, पुणे

ताई, बाबांनी गाडी जपली यात शंका नाही, पण रबराला मीटर वाचता येत नाही. इंजिन गरम होतं, थंड होतं, गाडी महिनाभर उभी राहते, बेल्ट पुलीवर त्याच जागी वाकलेला राहतो, वर्षं जातात तसं रबर कडक होत जातं. 2008 चा बेल्ट अजून आत असेल तर तो चालतोय हेच नवल. तुमच्या 1.1 पेट्रोलला बेल्टच आहे, आणि तुम्ही आता रोज कात्रजहून हिंजवडीला न्यायला लागलात की त्याच्यावर एकदम काम पडणार.

बदलाच, आणि कव्हर उघडलंय तर क्रँक आणि कॅमची ऑइल सीलं बघायला सांगा, तीही रबराचीच आणि त्याच वयाची, त्यातून तेल पाझरून बेल्टवर आलं की नवा बेल्टही लवकर फुगतो. गॅरेजचे मालक म्हणतील सील चांगलं आहे, राहू द्या, तर तुम्ही म्हणा की टाका, सील स्वस्त असतं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते तर उंदरांचंही बघून घ्या. बेल्टच्या कव्हरचा तुकडा तुटलेला असेल तर आत काहीही जातं, मी एकदा आतून नारळाची शेंडी काढलीय.

इनोव्हा (2011, जुनी अडीच लिटरची) टूर्सला लावलीय. डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागला होता, मिस्त्रीने तो बंद करून दिला आणि म्हणाला आता काळजी नाही. बेल्ट बदलला नाही. हे बरोबर आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

अहो, दिवा म्हणजे काही सेन्सर नाही. तो बेल्टकडे बघतच नाही, नुसते किलोमीटर मोजतो आणि ठरलेला आकडा आला की पेटतो. बेल्ट बदलून झाला की दिवा रिसेट करायचा असतो, म्हणजे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. तुमच्या मिस्त्रीने कॅलेंडरचं पान फाडलं आणि हप्ता भरला असं सांगितलं. आता तो दिवा पुढचा आकडा येईपर्यंत गप्प बसणार आणि बेल्ट मात्र डबल वय झालेला असणार.

तुमच्या धंद्यात अजून एक भानगड आहे जी कुठलाच दिवा मोजत नाही. ज्योतिबाला, नरसोबाच्या वाडीला पाशिंजर दर्शनाला गेले की तुम्ही एसी लावून गाडी चालू ठेवून बसता की नाही? खरं सांगा. आता हिशोब करा, हायवेला 80 च्या स्पीडला 2000 आरपीएम (मिनिटाला इंजिनचे फेरे) धरला तर एका किलोमीटरला 45 सेकंद लागतात, म्हणजे इंजिनचे 1500 फेरे. उभ्या गाडीचा आयडल 800 धरा, तासाला 48 हजार फेरे, म्हणजे 32 किलोमीटर चालल्यासारखं. रोज दोन तास आणि वर्षाला 300 दिवस धरले तर 19 हजारांच्या वर किलोमीटर होतात जे मीटरवर येतच नाहीत. आयडलला बेल्टवर ताण कमी असतो हे कबूल, पण उभ्या गाडीच्या बॉनेटखालची उष्णता कमी नसते. म्हणून टूर्सवाल्यांना मी सांगतो, पुस्तकातल्या आकड्याच्या दहा-पंधरा हजार आधीच उरकून घ्या, सीझन संपला की. गणपतीत आणि मे महिन्यात गाडी गॅरेजला उभी ठेवणं तुम्हालाच परवडणार नाही.

आंबा घाट चढताना आमची डिझेल गाडी झटक्यात बंद पडली. आवाज नाही, धूर नाही. यांनी सात-आठ वेळा सेल्फ मारला, इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरत होतं, मग लोकांनी ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये सोडून बघितली. गॅरेजवाला म्हणतो बेल्ट तुटलाय, हेड उतरवावं लागेल. नुसता बेल्ट बदलून भागणार नाही का? आणि इन्शुरन्समध्ये मिळेल का? – एक वाचक, रत्नागिरी

वहिनी, वाईट वाटलं वाचून. सेल्फ हलका फिरतो, घुर्रर्र असा एकसारखा आवाज येतो, दाब येत नाही, ही बेल्ट गेल्याची खूण. त्या क्षणी चावी काढायची आणि टोइंगला फोन लावायचा. कारण बेल्ट तुटला की कॅम जिथल्या तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे राहतात, आणि डिझेलमध्ये पिस्टन अगदी हेडला टेकेल इतका वर येतो, तो त्या उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. पहिला फटका घाटातच बसला असणार, पण नंतरचे सेल्फ आणि ढकलणं यांनी अजून भर घातली. यांना बोलू नका हो, दहातले नऊ जण हेच करतात.

काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, तिथे खरंच नवा बेल्ट टाकून गाडी घरी येते. डिझेलमध्ये ती आशा फार धरू नका. तरी हेड उतरवायच्या आधी इंजेक्टरच्या भोकातून कॅमेरा घालून बघता येतं, किंवा सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठल्या व्हॉल्व्हमधून सुटते ते बघता येतं, ते करायला सांगा. हेड उतरवलंच तर वाकलेले व्हॉल्व्ह स्वतः डोळ्यांनी बघा, रॉकर, गाइड (व्हॉल्व्ह दाबणारे आणि सरळ धरणारे भाग) आणि पिस्टनच्या डोक्यावरच्या खुणा पण.

तुटलेला बेल्ट टाकू देऊ नका, मागून घ्या. तेलाने फुगलेला असेल तर सील गळत होतं. एकाच जागचे दात साफ गेले असतील तर बहुतेक पंप किंवा एखादं बेअरिंग जाम झालं असेल. हे कारण न शोधता नवा बेल्ट टाकला तर पुढच्या घाटात परत तेच.

इन्शुरन्सचं म्हणाल तर साध्या पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन धरत नाहीत. एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर तेवढी बघा, आणि ती असेल तर सर्व्हिस वेळेवर केल्याची बिलं शोधून ठेवा.

माझी 2013 ची स्विफ्ट डिझेल 1 लाख 10 हजार चाललीय. एका गॅरेजने टायमिंग बेल्टचं मोठं एस्टिमेट दिलंय. देऊ का? – एक वाचक, सोलापूर

अजिबात नको, तुमच्या 1.3 डिझेलला टायमिंग बेल्ट नाहीच, त्याच कामाची लोखंडी चेन आहे. फॅन बेल्ट (इंजिनच्या बाहेरून दिसणारा वेगळा पट्टा) बदलायचा असेल तर तसं लिहून द्या म्हणावं, आणि त्याचं बिल बरंच कमी येतं.

चेन आहे म्हणून मोकळे मात्र सुटलात असं नाही. चेन तेलावर जगते, ऑइल चेंज लांबवला तर ती ताणते, सकाळी थंड इंजिन चालू करताना पहिले दोन-चार सेकंद खडखड आली तर दाखवून घ्या. म्हणजे चेन निदान ओरडून सांगते, बेल्ट तेवढंही करत नाही. तरी बेल्ट का घालतात, तर हलका, स्वस्त, आवाज नाही, तेल लागत नाही. 1962 साली जर्मनीतल्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीने 1004 या बाजारात विकल्या जाणाऱ्या मॉडेलला पहिल्यांदा घातला, मग बाकीच्यांनी उचललं.

बाकी ज्यांनी नुसतं ‘माझ्या गाडीला बेल्ट की चेन’ एवढंच विचारलंय त्यांना एकदम सांगतो: मारुती 800, ओम्नी, जुनी झेन यांना बेल्ट. नंतरच्या के-सिरीजच्या के-टेन इंजिनला चेन. आय-टेनमध्ये 1.1 ला बेल्ट आणि 1.2 ला चेन. इनोव्हा क्रिस्टा डिझेलला चेन. यात तुमची नसेल तर इंजिनचा प्रकार आणि साल लिहून पाठवा, नुसतं ‘लाल रंगाची गाडी’ लिहू नका, मागच्या वेळी तिघांनी तसंच लिहिलं होतं.