डरहॅमच्या जुन्या जलरंगचित्राची नक्कल करताना

इंग्लिश चित्रकार थॉमस गर्टिनचं १७९९ सालचं डरहॅम शहराचं चित्र नकलेसाठी निवडलंस, मनापासून आनंद झाला. फक्त लगेच कॅथीड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, काढायला बसू नकोस. नवीन माणूस मनोऱ्यांपासून सुरुवात करतो, खिडकी न् खिडकी रेखतो आणि विअर नदी उरलेल्या जागेत कशीबशी कोंबतो. आधी नदी, पूल आणि कॅथीड्रलकडे जाणारा चढ, हे मोठे आकार पेन्सिलीने हलके मांड.

रंगांचं मात्र नीट ऐक. त्या काळी आकाशाच्या राखाडीत नीळ सर्रास मिसळत. नीळ उजेडाने उडते, सोबतचा तांबडा टिकतो. म्हणून गर्टिनची कितीतरी आकाशं आज गुलाबीसर, तपकिरी दिसतात. ती संध्याकाळ आहे असं धरून चालू नकोस. मी तसं धरलं आणि अख्खं आकाश केशरी केलं, आठ दिवसांची मेहनत गेली.

पांढऱ्या रंगाची ट्यूब उघडूच नकोस. भिंतीवरचं ऊन म्हणजे कोरा सोडलेला कागद. गर्टिनला खरखरीत, किंचित मळकट रंगाचा कागद आवडायचा, म्हणून त्याचा उजेड डोळ्यांत खुपत नाही. तुझा कागद झगझगीत पांढरा असेल तर यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, अगदी पातळ, पाणीदार थर (वॉश) दे आणि पूर्ण वाळू दे. मग दगडी भिंतींचे थर, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. पाण्यातलं प्रतिबिंब शेवटी, भरल्या ब्रशने, एका दमात. एकदा उतरलं की त्याला पुन्हा हात लावू नकोस.