अमेरिकेत ‘सिंगल पेयर’ आणि ओबामाकेअर यांत नेमका फरक काय?

फरक उपचारांचं बिल कोण भरतं यात आहे. सिंगल पेयरमध्ये सगळ्यांचं बिल एकच सरकारी योजना भरते, पैसा मुख्यतः करातून येतो. म्हणजे डॉक्टर सरकारी नोकर होतात, हा समज चुकीचा आहे. कॅनडात बहुतेक डॉक्टर स्वतंत्र व्यवसायच करतात. तिथे १९६२ साली सस्कॅचेवान प्रांताने ही योजना आणली, तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता.

ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातल्या २०१०च्या आरोग्यविमा कायद्याने, खासगी विमा कंपन्या ठेवल्या आणि त्यांचे नियम बदलले. जुना आजार आहे म्हणून आता विमा नाकारता येत नाही, कमी उत्पन्नवाल्यांना हप्त्यात मदत मिळते. कोट्यवधी लोकांना त्याचा आधार झाला, हे मोठंच काम आहे. पण डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम), नेटवर्कबाहेरचा म्हणजे विमा कंपनीच्या यादीत नसलेला डॉक्टर, नोकरी गेली की जाणारा विमा ही धास्ती उरलीच. आजारी माणसाने कागदांशी झगडावं, हे मला पटत नाही. म्हणून माझा कल सिंगल पेयरकडे.

कॅनडात ऑपरेशनसाठी महिनोन् महिने थांबावं लागतं, हा आक्षेप खरा आहे. मात्र तैवाननेही १९९५पासून सिंगल पेयरच चालवलंय आणि तिथे डॉक्टर सहसा लगेच भेटतो.