ड्रॅग कारच्या इंजिनात पाणी भरताना हवा कशी काढावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ड्रॅग कारमध्ये, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या थोड्या अंतराच्या शर्यतीच्या गाडीत, ३५० घन इंचाचे शेव्हरले स्मॉल ब्लॉक इंजिन, ॲल्युमिनियमची हेड्स (सिलिंडरांवर बसणारे वरचे भाग) आणि इलेक्ट्रिक वॉटर पंप आहे, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाकलेला आहे. रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो, तरीही बर्नआउटनंतर (धावेआधी मागची चाके जागीच फिरवून टायर तापवल्यानंतर) तापमानाचा काटा १५० फॅरनहाइटवरून एकदम २२० वर जातो आणि पुन्हा खाली येतो. पंप बदलावा की रेडिएटर मोठा घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की तूर्त दोन्ही करू नयेत. पाण्याचे खरे तापमान असे क्षणात वरखाली होत नाही. काटा उड्या मारतो तेव्हा सेंडरजवळून, म्हणजे तापमान मोजणाऱ्या भागाजवळून, कधी पाणी, तर कधी हवा किंवा वाफ जात असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

रेडिएटर भरला म्हणजे इंजिन भरले, ही समजूत आधी सोडावी लागेल. या इंजिनात पंप पुढच्या बाजूने ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागात, पाणी ढकलतो. ते सिलिंडरांभोवतीने मागे जाते, मुख्यतः हेड गॅस्केटच्या (ब्लॉक आणि हेडमधल्या सीलच्या) मागच्या भोकांतून हेडमध्ये चढते, हेडमधून पुन्हा पुढे येते आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (दोन्ही हेड्सच्या मधल्या, इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) पुढच्या तोंडातून रेडिएटरकडे जाते. स्मॉल ब्लॉकचे एकच हेड डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना बसते, त्यामुळे त्याच्या दोन्ही टोकांना पाण्याची तोंडे असतात. पुढची तोंडे मॅनिफोल्डच्या पाणवाटेला जोडली जातात. मागची मात्र बहुतेक मॅनिफोल्डमध्ये बंदच राहतात. त्यात ड्रॅग कारची मागची चाके मोठी आणि पुढची लहान असल्याने गाडी नाकाकडे झुकलेली उभी असते. अशा स्थितीत हेडचा मागचा कोपरा हाच पाण्याच्या मार्गातला सर्वांत उंच बिंदू ठरू शकतो, आणि तिथे अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. रेडिएटरच्या तोंडातून कितीही पाणी ओतले तरी ती हवा हलत नाही.

गाडी उभी असताना ही हवा एका जागी बसून राहते, धावताना मात्र ती जागा सोडते. पहिले ६० फूट दीड सेकंदात कापणाऱ्या गाडीचे सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून अधिक असते. त्या क्षणी पाणी मागे रेटले जाते, हलकी हवा पुढे सरकते, आणि पुढे ब्रेक लागले की हाच क्रम उलटा होतो. काट्याच्या उड्यांपेक्षा मला काळजी वाटते ती हेडमधल्या धातूची. हवेची उष्णतावहन क्षमता पाण्याच्या विसाव्या भागाहूनही कमी असते, त्यामुळे जिथे बुडबुडा टेकतो तिथे धातूची उष्णता काढून नेणारे काही उरत नाही. या इंजिनात प्रत्येक हेडच्या मधल्या दोन सिलिंडरांचे एग्झॉस्ट पोर्ट (जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या वाटा) अगदी शेजारी असतात आणि तो भाग आधीच सर्वांत तापलेला असतो. तिथे पाण्याची वाफ होऊ लागली की डेटोनेशन (सिलिंडरमध्ये इंधनाचा अनियंत्रित स्फोट) आणि फुटलेले गॅस्केट फार दूर राहत नाही, आणि गेजवर ते वेळेवर दिसेलच असेही नाही.

म्हणून हवा काढण्याचे काम इंजिन सुरू करण्यापूर्वी, थंड असतानाच पुरे करावे. इलेक्ट्रिक पंपाचा खरा लाभ इथेच आहे, कारण इंजिन बंद ठेवून पाणी फिरवता येते. प्रथम पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घ्यावी आणि रेडिएटरचे तोंड हेडच्या मागच्या कोपऱ्यांहून निश्चितपणे वर येईल इतकी उंची द्यावी. अंदाजावर न जाता समोर पट्टी धरून पाहावे. मग रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप त्या टोकाला सोडवून त्यातून इंजिनात सावकाश पाणी ओतावे. मॅनिफोल्डवरचा हीटरचा प्लग आणि हेडमधला सेंडर ढिला ठेवावा, म्हणजे पाणी वर येताना हवा तिथून निघते. प्रत्येक ठिकाणाहून सलग, बुडबुडे नसलेले पाणी येऊ लागले की ते ते तोंड बंद करावे, पाइप जोडावा आणि उरलेले पाणी रेडिएटरमधून भरावे. घाई केली तर पाणी हवेच्या वाटेवरच बसते आणि ती आत कोंडली जाते.

यानंतर रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून पंप अर्धा मिनिट चालवावा, थांबवावा, पातळी उतरली तेवढे पाणी घालावे आणि पुन्हा चालवावा. थांबण्याला महत्त्व आहे: वाहत्या पाण्यात बारीक बुडबुडे फिरतच राहतात, ते एकत्र येऊन वर चढतात ते पाणी स्थिर असताना. मधूनमधून दोन्ही पाइप हाताने दाबावेत. पंपाचा आवाज चिरका आणि हलका वाटला तर त्याच्या पंख्यात हवा शिरली आहे असे समजून तो लगेच बंद करावा, कारण कोरडा फिरला की त्याचे सील जाते.

सर्वांत विश्वासाची खूण मात्र मोजमापाची आहे. रिकामे करताना निघालेले पाणी मोजून ठेवावे, ब्लॉकच्या बाजूच्या प्लगमधून निघालेलेही त्यात धरावे, आणि भरताना तेवढेच आत गेले का ते पाहावे. नव्याने जोडलेल्या इंजिनासाठी पहिल्या यशस्वी भरणीचा आकडा वहीत लिहून ठेवावा. एक लिटर पाणी कमी बसले असेल तर आत एक लिटर हवा आहे. इतका सरळ पुरावा दुसरा कोणताही नाही.

मग झाकण लावून इंजिन १८० फॅरनहाइटपर्यंत तापवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि थंड झाल्यावरच झाकण उघडून पातळी पाहावी. असे दोनदा करावे. झाकणाचा दाब १५ पीएसआय असेल तर पाणी सुमारे २५० फॅरनहाइटला उकळते, त्यामुळे गरम असताना झाकण काढणे म्हणजे तोंडावर वाफ घेणे आहे. खोलीच्या तापमानापासून ९० सेल्सिअसपर्यंत पाणी तीन टक्क्यांहून थोडे अधिक फुगते. दहा लिटर पाण्यात ती वाढ साधारण एक तृतीयांश लिटर होते. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमांत ओव्हरफ्लोसाठी किमान १६ औंसांचा, म्हणजे सुमारे ४७० मिलिलिटरचा डबा सांगितला आहे, त्यात ती मावते. डबा दर धावेला भरून वाहत असेल तर आत हवा, वाफ किंवा ज्वलनाचा वायू आहे हे नक्की.

कायमचा उपाय हवा असेल तर मॅनिफोल्डच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हेडच्या बंद तोंडांपर्यंत भोके पाडून घ्यावीत आणि तिथून पाव इंची नळ्या रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडाव्यात. जनरल मोटर्सच्या नंतरच्या एलएस इंजिनांत हेडमधली वाफ बाहेर काढण्याची अशी सोय मुळातच केलेली आहे. मोठ्या रेडिएटरवर खर्च करण्याआधी हे काम करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पाण्याविषयी एवढेच, की अनेक ट्रॅकवर ग्लायकॉलचे कूलंट वापरू देत नाहीत, कारण ते सांडले की डांबरावर निसरडा थर राहतो आणि सहज वाळत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक द्रव वापरावा. थंडीत गाडी गोठणाऱ्या हवेत उभी राहणार असेल तर ब्लॉकचे प्लग काढून सगळे पाणी सोडावे लागते, आणि मोसमाच्या सुरुवातीला हवा काढण्याची वरील सगळी कृती पुन्हा करावी लागते.

एवढे करूनही पंप चालू नसताना, इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येतच राहिले, तर ती भरताना राहिलेली हवा नव्हे. ब्लॉक टेस्टरचा (पाण्यात ज्वलनाचा वायू येतो का ते तपासणाऱ्या साधनाचा) निळा द्रव तोंडावर धरून पाहावा. तो पिवळा झाला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येत आहे आणि हेड उतरवावे लागेल. उतरवाल तेव्हा लक्षात ठेवा, की या इंजिनात हेडचे बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात, त्यामुळे बसवताना प्रत्येकाच्या आट्यांना सीलंट लावणे आवश्यक आहे.