फ्रिज का बंद पडला ते नंतर, आधी तारीख पाहा

एका वाचकाचं पत्र आहे. त्यांच्या कॅम्पर व्हॅनमधला फ्रिज गॅस आणि वीज, दोन्हींवर चालणारा. वॉरंटी चालू असतानाच तो गार करेनासा झाला. कंपनीचा तंत्रज्ञ आला आणि जॉबशीटवर 'गाडी समतल नसताना वापर, वॉरंटी लागू नाही' असं लिहून गेला. तेव्हापासून ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप चालू आहेत. शेवटचं उत्तर ३ महिन्यांपूर्वीचं, 'प्रकरण विचाराधीन आहे' एवढंच. आता बाहेरच्या मेकॅनिककडून युनिट उघडून घ्यावं का, आणि कंपनीला वकिलाची नोटीस द्यावी का, असं ते विचारतात. वस्तू बदलून हेच पत्र माझ्याकडे सारखं येतं. कधी एसी असतो, कधी इन्व्हर्टर, कधी वॉशिंग मशीन.

सदोष वस्तूसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा सांगण्यात वेळ घालवत नाही, कारण वेळच तुमच्याकडे नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, जाता जाता लिहिली आहे: पहिली तक्रार नोंदवली त्याला २२ महिने झाले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. तुमचा समज असा दिसतो की कंपनीचं शेवटचं ईमेल ३ महिन्यांपूर्वीचं, म्हणून तिथून नव्याने २ वर्षं मिळतात. तसं होत नाही. पत्रव्यवहार करत राहिल्याने मुदत वाढत नाही, आणि 'विचाराधीन आहे' या शब्दांत कंपनीने कसलीही जबाबदारी मान्य केलेली नाही. मुदत फ्रिज बंद पडला तिथून मोजायची की कंपनीने लेखी नकार दिला तिथून, यावर तुमच्या बाजूने युक्तिवाद होऊ शकतो आणि गरज पडली तर तो करावाच. पण ज्याच्या हातात अजून दिवस आहेत त्याने स्वतःहून त्या वादात का शिरावं? सगळ्यात आधीची तारीख धरा. त्या हिशेबाने तुमच्याकडे २ महिनेही पुरते नाहीत. आयोग उशीर माफ करू शकतो, मात्र त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते कारण नोंदवावं लागतं. 'कंपनी उत्तर देईल म्हणून थांबलो' हे कारण पुरेलच, याची खात्री कोणताही प्रामाणिक वकील देणार नाही.

नोटिशीचं म्हणाल तर या कायद्यात तक्रारीआधी नोटीस देण्याची सक्ती नाही. द्यायची तर आज द्या, १५ दिवसांची द्या, आणि उत्तराची वाट न पाहता तक्रारीचा मसुदा करायला घ्या. नोटीस पाठवून निवांत बसणाऱ्यांची प्रकरणं मुदतीवर गेलेली पाहिली की चीड येते. वस्तू खरोखर सदोष असते आणि माणूस केवळ भिडेपोटी हरतो.

आता जॉबशीट. त्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. तंत्रज्ञाची ती एक ओळ, खाली 'ग्राहकाची सही' या रकान्यात तुमची सही, आणि शेजारी 'काम समाधानकारक' या चौकटीत बरोबरची खूण. न वाचता सही करू नये हे शिकलेल्या माणसालाही सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. तरी या सहीने सगळं संपलं असं नाही. ती सही कागद मिळाल्याची आहे, त्यातलं कारण मला मान्य नाही, आणि काहीही दुरुस्त झालेलं नसताना ही खूण केलेली आहे, असं कंपनीला आजच ईमेलने आणि पोच मिळेल अशा टपालाने कळवा. हे २० महिन्यांपूर्वीच कळवलं असतं तर वजन जास्त पडलं असतं.

तंत्रज्ञाचं कारण खोटंच आहे, असं मी म्हणणार नाही. तुमचा फ्रिज शोषण पद्धतीचा आहे. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांतून फिरतात, खालून उष्णता दिली जाते, आणि द्रव परत येतो तो गुरुत्वाकर्षणाने. गाडी बराच वेळ तिरकी उभी करून फ्रिज चालवला तर द्रव अडतो, बॉयलरची नळी जास्त तापते आणि गंजरोधक म्हणून घातलेल्या क्रोमेटचे कण साचून ती बुजू शकते. त्यामुळे करारात ही अट असणं अवाजवी नाही. प्रश्न आहे तो पुराव्याचा. जॉबशीटवर किती अंशांचा कल होता ते लिहिलेलं नाही, तो कशाने मोजला ते नाही, पुस्तिकेतली मर्यादा किती तेही नाही. एका भेटीत, एका जागी उभ्या असलेल्या गाडीकडे पाहून आधीच्या महिन्यांचा वापर कसा ठरवला? वॉरंटीतून सुटण्यासाठी जो अपवादाच्या अटीवर बोट ठेवतो, ती अट इथे लागू होते हे त्याने दाखवावं, अशी मांडणी तुम्ही करायची. आयोग ती किती उचलून धरेल हे वॉरंटी कार्डाच्या शब्दांवर अवलंबून राहील, आणि ते कार्ड तुम्ही पाठवलेलं नाही. वस्तूत दोष आहे हे दाखवण्याचा पहिला भार मात्र तुमच्यावरच आहे.

म्हणून युनिट उघडू नका. बाहेरच्या मेकॅनिकने एक स्क्रू जरी फिरवला तरी समोरचे 'छेडछाड झाली' म्हणतील, आणि कायद्यातल्या उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीच्या भरपाईच्या, प्रकरणात वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात केलेला फेरफार हा त्यांना मिळणारा बचाव आहे. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर वस्तू सील करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कलम ३८ मध्ये आहे, आणि अहवालाला साधारण ४५ दिवसांची मुदत आहे. गाडीत बसवलेल्या युनिटसाठी तज्ज्ञाची पाहणी मागणं जास्त सोयीचं ठरेल. तो अर्ज तक्रारीसोबतच द्या.

न उघडता जे पाहता येतं ते मात्र या आठवड्यात पाहा, कारण दोष कोणाचा हे त्यावर ठरतं. आधी मागची जाळी काढून नुसतं बघा आणि वास घ्या. नळ्यांवर पिवळसर पूड किंवा डाग दिसले, अमोनियाचा उग्र वास आला, तर पुढची कुठलीही चाचणी करायची नाही. फ्रिज बंद, गॅसचा कॉक बंद, गाडीची दारं उघडी, आणि फोटो. आतला हायड्रोजन ज्वालाग्राही आहे, पुराव्यासाठी जीव धोक्यात घालू नका. कूलिंग युनिट फुटलं असेल तर ते जागेवर दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं, आणि तुमची मागणीही मग तीच राहील.

तसं काही नसेल तर गाडी सपाट जागी उभी करा, फ्रीजरच्या तळाशी पाणसळ ठेवून फोटो घ्या, आणि बॅटरीचा व्होल्टेज मोजा. आजच्या बहुतेक अशा फ्रिजांचं नियंत्रण सर्किट १२ व्होल्टवर चालतं. फ्रिज गॅसवर असो की बाहेरच्या विजेवर, बॅटरी खचलेली असेल तर तेच नीट काम करत नाही. दोष तिथेच निघाला तर कृपया तक्रार दाखल करू नका. बॅटरी ठीक असेल तर ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून आधी फक्त विजेवर आणि मग फक्त गॅसवर, प्रत्येकी किमान १२ तास चालवा आणि आकडे वेळेसह लिहून ठेवा. हे फ्रिज सावकाश गार होतात, तासाभरात निष्कर्ष काढू नका. विजेवर गार होतो आणि गॅसवर नाही, तर संशय बर्नर, जेट किंवा काजळी धरलेल्या धुराड्यावर. उलट झालं तर हीटर किंवा त्याच्या जोडणीवर. या दोन्हींत कूलिंग युनिट चांगलं आहे, म्हणजे तिरक्या गाडीची सबब आपोआप ढासळते. दोन्हींवर गार होत नसेल तर कूलिंग युनिट किंवा मागच्या बाजूची हवा खेळण्याची व्यवस्था. ती व्यवस्था फ्रिज कंपनीने नव्हे तर गाडी बांधणाऱ्याने केलेली असते. खालची जाळी, वरची वाट आणि मधली मोकळी जागा बसवणीच्या सूचनांप्रमाणे आहे का, याचेही फोटो हवेत.

यामुळेच सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते, तिघेही करा: फ्रिजचा उत्पादक, गाडी बांधणारा आणि विक्रेता. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल, आणि तोवर दुसऱ्याविरुद्धची मुदत संपलेली असेल. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. वस्तूसाठी तुम्ही मोजलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फ्रिजचं वेगळं बिल आहे की तो गाडीच्याच बिलात धरला आहे, हे मला बिल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहिली आहे, ती मला सहज वाटत नाही. स्वतः वापरत नसताना तुम्ही गाडी भाड्याने देता. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा या कायद्यात 'ग्राहक' ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात खरेदीमागचा मुख्य हेतू पाहावा असं म्हटलं आहे. कुटुंबासाठी घेतली आणि अधूनमधून दिली, इतकंच असेल तर बाजू मांडता येईल. भाड्याच्या नोंदी, जाहिरात, करार, जे असेल ते वकिलाला दाखवा. लपवलंत तर उलटतपासणीत बाहेर येईल आणि बाकीचं खरंही खोटं वाटेल.

किती काळ लागेल? कायद्यात ३ महिने लिहिले आहेत, चाचणी असेल तर ५. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि वर्षं जातात. साध्या घरगुती वस्तूसाठी माणसाने इतकं ताटकळावं हा अन्यायच आहे. एक गोष्ट तेवढी तुमच्या हातात आहे. सामनेवाल्यांना लेखी म्हणणं देण्यासाठी ३० अधिक १५ असे ४५ दिवसच मिळतात, आणि ही मर्यादा आयोगाला वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे. ४६ व्या दिवशी कोणी मुदत मागितली तर तुमच्या वकिलाला उभं राहून हरकत घ्यायला सांगा.

बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट आणि पहिल्या तक्रारीचा क्रमांक असलेला संदेश, एवढं घेऊन याच आठवड्यात तुमच्या जिल्ह्यातल्या वकिलाकडे जा. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरतील असं धरू नका. मूळ फोन जपून ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र कसं द्यायचं ते त्यांना विचारा.