खानदेशात उरुसाला जाऊन पिराकडे मागणे मागतात. ते इस्लामला मान्य आहे का?

कबरीला भेट देणे बहुतेक सुन्नींना मान्य आहे, परंतु मृत वलीकडे (संत, पीर) थेट मागण्याबाबत एकमत नाही. पैगंबरांनी आधी मना केलेल्या कबरभेटीला नंतर परवानगी दिल्याचे ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) आहे. वाद आहे तो तिथे काय मागावे याचा. भारतीय सुन्नींमधील तीन प्रवाहांपैकी बरेलवी परंपरा, देणारा अल्लाहच आणि वली केवळ वसीला (माध्यम), असे मानून वलीला हाक मारणे योग्य ठरवते. देवबंदी उलेमा (धर्मपंडित) वलीचा वास्ता देऊन अल्लाहकडेच दुआ करण्यास मुभा देतात. अहले हदीस मात्र मृताकडे मागण्याला सरळ शिर्क (अल्लाहसोबत इतरांना भागीदार मानण्याचे पाप) म्हणतात. ‘नवस’ हा शब्द तेवढा जपून वापरावा, कारण हनफी फिकहनुसार (सुन्नींच्या एका धर्मशास्त्रीय शाखेनुसार) नज्र, म्हणजे नवस, केवळ अल्लाहसाठीच असते.